झुलत्या खुर्चीचा दावा

समन्स आलं आणि सुतारकाकांची झोपच उडाली. त्यांच्याकडून झुलती खुर्ची घेतलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका दूरच्या शहरात मुलाकडे राहायला गेल्या होत्या. तिथे ती खुर्ची बाईंना घेऊन उलटली होती आणि तिथल्याच कोर्टानं काकांना बोलावलं होतं.

"पण मी त्या शहरात कधी पाऊलही ठेवलं नाही!"

"हेच तर आपलं म्हणणं," त्यांची वकील पुतणी म्हणाली. "खुर्ची इथे बनवली, इथे विकली. तिकडच्या कोर्टाचा तुमच्यावर अधिकारच नाही. तेवढंच सांगायचं. खुर्चीबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. कारागिरीवर वाद घातलात, की कोर्टाचा अधिकार मान्य केलात असं होतं."

"म्हणजे अधिकार नाही हे सांगायला तिथे जायचं?"

"हो."

"आणि गेलो तरी अधिकार नाहीच?"

"नाहीच. फक्त गप्प बसा, काका."

काकांना काडीचंही कळलं नाही. पण कोर्टात ते तोंडाला कुलूप लावून बसले. पुतणीनं मुद्दा झकास मांडला. न्यायाधीशांनाही तो पटू लागला. तेवढ्यात बाई मुलाला म्हणाल्या, "जाऊ दे रे. सांधेच कच्चे होते, दुसरं काय!"

काका ताडकन उठले. "कच्चे? साहेब, एकेक सांधा ठोकून बघा! यांची पतवंडं झुलतील त्या खुर्चीत!"

"काका, बसा!" पुतणीनं सदरा ओढला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे खुर्चीचा निकाल इथेच लावायचा? या कोर्टाचा अधिकार मान्य?"

"मान्य! लिहून घ्या! आणा ती खुर्ची!"

पुतणीनं कपाळावर हात मारला.

पुढच्या तारखेला मुलगा खुर्ची घेऊन आला. काकांनी ती आडवी केली, खालून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"साहेब... ही माझी नाहीच."

"मग इतके दिवस कुणाच्या खुर्चीसाठी भांडताय?"

काकांनी पुतणीकडे पाहिलं. पुतणीनं छताकडे.

बाई वाकून न्याहाळू लागल्या. "अगं बाई! सामान हलवताना ट्रकवाल्यानं बदलली वाटतं. मला मेलीला सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात." मग हळूच पुतणीजवळ सरकून त्यांनी विचारलं, "मुली, तो ट्रकवाला तिसऱ्याच गावचा आहे. त्याला कुठल्या कोर्टात खेचायचं गं?"