उदेसिंगकाका व्हाया जपान

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, उदेसिंग राठोड नावाचे गृहस्थ राहतात. ते रोज सकाळी आपल्या टेबलाच्या चारही पायांवर काठी आपटून हवा तपासतात. टेबलाच्या पायांत हवा नसते हे त्यांनाही ठाऊक आहे. पण जन्मभर ट्रक चालवलेला माणूस टायर ठोकल्याशिवाय गाडी काढत नाही, आणि काकांची गाडी सध्या त्या टेबलावर असते. एक लॅपटॉप, त्याला जोडलेलं प्लास्टिकचं स्टिअरिंग आणि स्क्रीनच्या कोपऱ्याला लटकवलेलं लिंबू-मिरची. लिंबू दर शनिवारी बदलतं.

पांढरकवड्याच्या हायवेवर काकांचं अर्धं आयुष्य गेलं. नागपूरला माल भरायचा आणि हैदराबाद, विजयवाडा, कधी त्याच्याही खाली न्यायचा. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडायचे, याचा त्यांना भारी अभिमान. "आमी बंजारे लोक सर, रस्ता आमाले पुसून जाते," असं ते मला ऐकवतात. त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "रूट कोणता?" लग्नपत्रिका हातात दिली तरी नवरा-नवरी कोण हे नंतर, आधी रूट. डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली, तर ही पोटातून डोक्यात कोणत्या रूटनं जाते ते सांगा म्हणून दवाखान्यात अडून बसले. डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. त्याने वैतागून मला फोन केला. मी गणिताचा निवृत्त मास्तर आणि काकांचा शेजारी, म्हणून त्यांच्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात.

काकांची एकुलती एक मुलगी सविता कॅनडात व्हँकुव्हरला नोकरी करते, एकटी राहते. लॅपटॉप आणि स्टिअरिंग तिनेच घेऊन दिलं. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिची संध्याकाळ. त्या वेळी बाप-लेक ट्रक चालवायचा खेळ खेळतात आणि खेळता खेळता बोलतात. पुढे काका, मागे ती. काका खेळातही समोरून गाडी आली की डिपर मारतात, चढ लागला की गिअर बदलताना तोंडाने आवाज काढतात, आणि ढाब्यासारखं काही दिसलं की ट्रक बाजूला घेऊन खरोखरचा चहा पितात. सविता मागे थांबून राहते.

पण या सुखात एक खडा होता. सगळं उशिरा पोचायचं. काका ब्रेक मारायचे, तो तिला दिसेपर्यंत तिची गाडी मागून आदळलेली असायची. बोलण्याची तर शोभाच. दोघं एकदम बोलायची, एकदम थांबायची, मग "तू बोल" आणि "तुम्ही बोला" एकमेकांवर आपटायचं. मी म्हटलं, गाडी आदळली तर आदळली, खेळच आहे. काका गंभीर झाले. "गाडीचं सोडा. पोरगी बोलली का लगेच मले आयकू आलं पाह्यजे."

त्यांनी इंटरनेटवाल्याला घरी बोलावलं. तो म्हणाला, काका, कॅनडा लांब आहे. काका म्हणाले, लांब आहे ते कळतं, रूट कोणता? ते काही त्याला सांगता येईना. मग हौसेने मीच लॅपटॉपवर वाटेतले थांबे काढून दाखवले, आणि पायावर धोंडा पाडून घेतला. आमचा माल, म्हणजे खेळ आणि बोलणं, मुंबईहून निघून युरोपात जात होता, तिथून न्यूयॉर्क, मग आख्खी अमेरिका आडवी ओलांडून व्हँकुव्हर.

काकांनी तो रूट स्क्रीनवर बोटाने गिरवला. "पांढरकवड्याहून वणीले जायचं, तर पुसदवरून कोण जाते सर?"

तेव्हा मी त्यांना व्हीपीएन सांगितलं. म्हणजे आपला माल आधी दुसऱ्या कंपनीच्या बंद गाडीत घालायचा, ती आपण सांगू त्या शहरात नेते, आणि तिथून तो पुढे जातो. बहुतेक वेळा यात वळसाच पडतो, हेही बजावलं. मूळचाच रस्ता वाकडा असला तरच फायदा. काकांनी फायदा तेवढा लक्षात ठेवला.

त्या कंपनीच्या शहरांच्या यादीत हैदराबाद दिसल्यावर त्यांना माहेर भेटल्यासारखं झालं. पहिला मान हैदराबादला. काही फरक पडला नाही. मग लंडन, तर आणखी बिघडलं. प्रत्येक रूटची परीक्षा टाळीने व्हायची: काकांनी टाळी वाजवायची, ऐकू येताच सविताने तिकडून वाजवायची. सकाळी सकाळी इतक्या टाळ्या ऐकून समोरच्या वहिनी प्रसादाला येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी मी पृथ्वीचा गोल आणला. काकांनी त्यावर दोरा ताणला, या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला, आणि जपानवर बोट ठेवलं. "इकून."

जपान लावलं. काकांनी टाळी वाजवली, आणि सविताची टाळी जवळजवळ तिला चिकटूनच आली. काकांनी अंगणात नारळ फोडला. मास्तरकी अंगात असल्यामुळे मी सांगितलं की थोडा उशीर अजून आहेच, तो कधीच जाणार नाही. काका म्हणाले, "तेवढा तर घरातल्या घरातही लागते."

परवा पेपर परत द्यायला गेलो, तर दोन्ही ट्रक खेळातल्या रस्त्याच्या कडेला उभे. कोणी बोलत नव्हतं. लॅपटॉपमधून भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू-बंद होत होता. काका खुर्चीत नुसते बसलेले. बंद करायचं राहिलं का, असं मी हळूच विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"सैपाक करून राह्यली ते. तिले दोन दिवसापासून बरं नाई."

मी म्हटलं, बोलायचंच नाही, तर मग जपानचा एवढा खटाटोप कशाला केला?

काका स्क्रीनकडे बघतच बोलले. "हिची याडी, हिची माय, गेली तवा मी विजयवाड्याले होतो. ट्रान्सपोर्टच्या हापिसात निरोप आलता. मी रस्त्यात, निरोप रस्त्यात. घरी पोचलो तं सारं उरकलतं. ही एवढीशी, अंगणात बसून होती. मले म्हणे, बापू, मी तुमाले लय आवाज देल्ला."

पेपर मी हळूच टेबलावर ठेवला.

तिकडे नळ बंद झाला. सविता खोकली, आणि मग तिचा आवाज आला.

"बापू?"

"हां बेटा," काका म्हणाले. "इथंच हावो मी."