आत्याबाईंचं चिनी जेवण

दहा मिनिटांत चिनी जेवण! तेही पौष्टिक! अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात ते येणारी एकच बाई होती, आणि ती मी होते. 'होते' म्हणतेय, हे ध्यानात ठेवा.

माझं माहेर भिंगारचं. शेजारी लष्करातल्या एका कॅप्टनची बायको राहायची, मूळची कलकत्त्याची. तिच्याकडून मी सगळं शिकले. भाज्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या चिरायच्या, जाळ मोठा ठेवायचा, तेल चमचाभर घालायचं आणि कुरकुरीत असतानाच उतरवायच्या. लग्नात तिनं मला सोया सॉसची बाटली आहेर दिली. बाकीचे आहेर सासरच्यांनी वाटून घेतले, बाटलीला मात्र कुणी हात लावला नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव श्रीमंत. नोकरी साखर कारखान्यात, उसाच्या वजनकाट्यावर कारकुनाची. कारखान्याच्या कॉलनीत महिला मंडळ निघालं, त्यात स्वयंपाकाच्या वर्गाला पगारी बाई हवी असं कळलं आणि माझी झोपच उडाली! मॅट्रिक होऊन चूल फुंकत होते. कुणाची सून, कुणाची बायको, याच्यापलीकडे चारचौघींनी मला 'बाई' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे चेअरमनसाहेबांच्या पत्नी, रतनबाई. त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. जेवण आवडलं की नोकरी माझी!

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, बेत सांगितला मात्र!

"चिन्यांचं जेवान? त्येंनी लढाईत आपली पोरं मारली, आन तू त्येंच्यावानी रांधती व्हय? म्या न्हाई शिवायची!"

"आत्याबाई, तुम्ही शिवूच नका!" मी म्हणाले. इतकं मनापासून मी त्यांच्याशी आजवर बोलले नव्हते.

रविवारी कणकेच्या जाड शेवया कापून उकडल्या. कोबी, गाजर, घेवडा चिरून ताटात मांडला. स्टोव्हवर कढई, शेजारी सॉसची बाटली. पाहुणी पाटावर बसली, की परतायचं आणि गरमागरम वाढायचं!

रतनबाई आल्या. पहिल्यांदाच घरी आलेली सवाष्ण, ओटी भरल्याशिवाय कशी जेवणार? मी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. उठणार, तोच त्यांनी सुनेच्या बाळंतपणाची हकीकत काढली. आता चेअरमनच्या बायकोला मध्येच थांबवायचं कसं? बाळ आडवं होतं! डॉक्टरांची जीप बिघडलेली होती! बाळ अजून पोटातच होतं, तेवढ्यात आतून लसणाच्या फोडणीचा ठसका आला.

मी धावले. आत्याबाई पदर खोचून कढईपुढे! आमच्याकडे हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवतात. तसाच लालभडक रस्सा कढईत रटरटत होता आणि त्यात माझ्या शेवया, माझा कोबी, माझी गाजरं बुचकळ्या मारत होती.

"आत्याबाई! हे काय केलंत?"

"काय म्हंजी? शेंगोळे अर्धेच टाकून गेल्तीस! ना मीठ, ना मिरची! आन भाजी कच्ची! पाव्हणीला कच्चं वाढलं तर लोक तोंडात श्यान घालत्याल!"

"पण तुम्ही शिवणार नव्हता ना!"

"चिन्यांचं न्हाई म्हनले हुते. ह्यो तर आपलाच पदार्थ हाय!"

"आणि माझी बाटली?"

"ती काळी? काकवी नासली हुती त्यातली. मोरीत वतली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लसणाचं नव्हतं. श्रीमंतराव दारात येऊन खेकसले, "वाढ आता गप! वहिनीसाहेब ताटकळल्यात!"

वाढलं. रतनबाईंनी पहिला घास घेतला. नाक ओढलं, दुसरा घेतला, आणि मग रस्सा ओरपायलाच लागल्या!

"हे चिनी?"

"अगदी चिनी!" श्रीमंतराव म्हणाले. काट्यावर हयात गेलेली, खोटं वजन जिभेवर तयारच होतं.

"अगं बाई! माझ्या आईच्या हातच्या शेंगोळ्यांची आठवण झाली! मी उगाच भीत हुते. ती मानसं कच्चंच खात्यात म्हनं! कुनी केलं हे?"

मी तोंड उघडलं.

"आईनं!" श्रीमंतराव छाती फुगवून म्हणाले. लग्नापासून या माणसानं 'माझ्या बायकोनं' असं कधी म्हटलं नव्हतं, ते त्याच दिवशी कुठून म्हणणार!

आता दर गुरुवारी दुपारी मंडळात चिनी स्वयंपाकाचा वर्ग असतो. पाटीवर नाव छबूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं. कॉलनीतल्या झाडून सगळ्या जणी त्यांना 'बाई' म्हणतात. चिन्यांवरचा राग पहिल्या पगाराला गेला. मी मागच्या भिंतीशी विळी घेऊन भाजी चिरत असते.

"मोठाली चीर गं! चिनी मानसं बारीक चिरत न्हाईत!" आत्याबाई पुढून ओरडतात.

परवा एका नव्या बाईनं विचारलं, "बाई, तुम्ही हे शिकलात तरी कुठं?"

"सूनबाईच्या म्हायेरी, भिंगारला," आत्याबाई बिनदिक्कत म्हणाल्या. "लष्करातल्या एका बाईकडनं."

सगळ्या जणी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. नवीन बाई फार गोड आवाजात म्हणाली, "अगंबाई, तुमच्याच माहेरी? मग तुम्ही नाही का हो शिकलात?"

मी कोबी ओढला आणि चिरायला लागले. मोठामोठा.