वर्गात फक्त पंचवीस

शारजात तीन भाड्याचे व्हिला जोडून चालणाऱ्या एका भारतीय प्राथमिक शाळेत सूर्यकांत ऑफिसचं सगळं पाहायचा. अठ्ठ्याण्णव साली परवान्यासाठी तिथल्या शिक्षण मंत्रालयानं शाळेचं ‘प्रोफाइल’ मागवलं आणि मुख्याध्यापिका शहरबानू मॅडमनी ते त्याच्या गळ्यात मारलं.

“तुम्ही पुण्याचे. तुम्हाला लिहायला काय लागतंय? दोन दिवसांत द्या, खलास.”

लिहायला सांगितलं की सूर्यकांतचा हात सैल सुटायचा. मागच्या वाळूत शिक्षकांच्या गाड्या उभ्या असत, तिचं ‘क्रीडांगण’ झालं. जिन्याखालच्या कपाटाचं ‘ग्रंथालय’ झालं. स्वयंपाकघरात सिंक होतंच, तेव्हा ती प्रयोगशाळा. वर्गावर्गांत अडतीस मुलं कोंबली होती, तिथे त्यानं ‘प्रत्येक वर्गात फक्त पंचवीस’ असं ठोकून दिलं. मॅडमनी सही केली, टायपिंग सेंटरमध्ये अरबी प्रत झाली आणि प्रोफाइल रवाना झालं.

आठवड्यानं मंत्रालयाचे अरब साहेब तपासणीला आले. वाळू पाहिली, कपाट पाहिलं, सिंकचा नळही सोडून पाहिला. प्रत्येक ठिकाणी मान डोलावली. तिसरीच्या वर्गात मात्र त्यांनी बोटानं डोकी मोजली.

“तुमने पच्चीस लिखा. इधर अड़तीस.”

“सर, रूल तो चालीस का है ना?” सूर्यकांतनं घाईघाईनं विचारलं.

“हां, रूल चालीस. लेकिन तुम पच्चीस बोला, हमने पच्चीस पास किया. बहुत अच्छा स्कूल! अगले हफ्ते पच्चीस चाहिए, नहीं तो लायसन्स बंद. यल्ला, चलो.”

म्हणजे खरं लिहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं! माणसानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण निदान तो इतका सुबक घडवू तरी नये.

गॅरेज आणि गच्चीवरची खोली रिकामी करून नव्या तुकड्या बसवल्या. तरी पंधरा मुलं उरलीच.

“फी भरणाऱ्यांना हात लावला तर पालक बोंब मारतील,” मॅडम खाली बघत म्हणाल्या. “आपल्या स्टाफची फुकट शिकणारी किती आहेत?”

“पंधरा,” सूर्यकांत म्हणाला. त्यातली एक त्याची ईशानी होती, तिसरीतली.

दोन दिवस तो शारजा-दुबईतल्या शाळांचे उंबरठे झिजवत फिरला. अर्ध्या वर्षात जागा कुठली असायला! शेवटी घरी त्याच्या बायकोनं, अनुपमानंच विषय काढला.

“म्हणजे मी आणि ईशू पुण्याला, आणि तू इथे एकटा? तुला खरं लिहायला काय झालं होतं रे?”

“अडतीस बरं दिसत नव्हतं गं.”

“आता बरं दिसतंय?”

“पापा, बट व्हाय मी?” ईशानीनं विचारलं. “आय डिडन्ट डू एनीथिंग.”

सूर्यकांतला रडू आलं. ते लपवायला तो उगाच फ्रीज उघडून उभा राहिला.

शाळा सोडल्याचे दाखले तयार करणं हेही ऑफिसचंच काम. चौदा दाखले त्यानं भराभर टाइप केले. पंधराव्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी तो अडला. दारातून मॅडम म्हणाल्या, “सूर्यकांत, कारण जरा बरं दिसेल असं लिहा हं.”

त्यानं ‘पालकांची इच्छा’ असं टाइप केलं. खाली ऑफिसतर्फे सही केली. मग तेच पेन जरा डावीकडे सरकवून पालक म्हणूनही केली.