नकाशावरचे क्रमांक चौदा

सेर्वांदो आणि पाल्मा हे दांपत्य रोज संध्याकाळी सात वाजता स्पेनमधल्या कादिझ शहरात पायी फिरते, ही बाब नगरपालिकेच्या निदर्शनास यायला एकतीस वर्षे लागली. आली तीही एका पर्यटकाने काढलेल्या छायाचित्रामुळे. त्यात दोघं हातात हात अडकवून चालली होती आणि पाल्माचे ओठ सेर्वांदोच्या डाव्या कानाला जवळजवळ टेकले होते. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘अजूनही प्रेमात!’

वस्तुस्थिती अशी, की सेर्वांदोनं उभा जन्म गोदीत जहाजांचे पत्रे ठोकले होते आणि त्याचा उजवा कान गोदीतच राहिला होता. तो पार गेलाय हे मात्र तो कबूल करत नसे. “जरा कमी येतं,” एवढंच. घरात त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे आणि मग पाल्माची गोष्ट तिन्ही मजल्यांना कळे. म्हणून मुलीचं लग्न, धाकट्या भावाशी आलेलं वाकडं, डॉक्टरचं म्हणणं, जे जे महत्त्वाचं ते दोघं चालतानाच बोलत. रस्ता ठरवायचा तो वारा. पूर्वेचा वारा सुटला की आमच्या गावात तोंडातून निघालेला शब्द थेट समुद्रात जाऊन पडतो. अशा दिवशी ती दोघं आडोशाच्या गल्ल्या धरत.

नगरपालिकेच्या ‘पादचारी अनुभव विभागा’चे मोन्तिएल साहेब फाईल घेऊन घरी आले.

“अभिनंदन! अस्सल स्थानिक जोडपं म्हणून तुम्हाला मान्यता मिळालीय. नकाशावर तुम्ही चौदावे. तेरावं कॅथीड्रल.”

“आणि पंधरावं?” पाल्मानं विचारलं.

“सार्वजनिक स्वच्छतागृह.”

“चला, म्हणजे आम्हाला बघून झालं की लोकांची सोय आहे.”

साहेब हसले नाहीत. “तुमचा रस्ता कोणता?”

“वारा असेल तसा.”

“वारा नकाशात छापता येत नाही, बाई.” त्यांनी तांबडी रेघ ओढली. बाजारापासून कॅथीड्रल आणि तिथून दक्षिणेच्या तटावरून सरळ, समुद्राच्या कडेनं. “आणि यापुढं तुम्ही यांच्या उजवीकडून चालायचं. फोटो उजवीकडून निघतात. आत्ता यांच्यामागं तुम्ही झाकल्या जाता.”

“आम्हाला नकोच असलं हे सगळं तर?” सेर्वांदो म्हणाला.

“तुमची मर्जी. पण मग सात वाजता बाहेर पडलात, तर ती मान्यताप्राप्त जोडप्याची विनापरवाना नक्कल धरली जाईल.”

“कुठल्या जोडप्याची?”

“तुमच्या.”

दोघांनी सही केली.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. क्रमांक चौदा अबोल आहेत, भांडलेले दिसतात, लांबून आलेल्यांची निराशा होते. विभागानं तातडीनं परिपत्रक काढलं. प्रत्यक्ष संभाषण ऐच्छिक राहील; ओठांची हालचाल मात्र अनिवार्य. पतीने दर वीस पावलांनी मान डोलवावी आणि चाळिसाव्या पावलाला स्मित करावे.

“जमेल ना तुला?” पाल्मानं घरी ओरडून विचारलं.

“मान डोलवायला? लग्न झाल्यापासून दुसरं काय करतोय?” तो म्हणाला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी हसलं.

उपक्रम इतका गाजला, की तांबड्या रेघेवरच्या खिडक्यांना एकदम मोल आलं. त्यातल्या दोन खिडक्या सेर्वांदो-पाल्माच्या. घर भाड्याचं होतं. बुधवारी रात्री घरमालकाची चिठ्ठी आली, की तिथं पर्यटकांसाठी खोल्या करायच्या आहेत. राजीखुशीनं सोडत असाल तर शुक्रवारपर्यंत संमती द्या, नाहीतर हरकत घ्या आणि वकील बघा. मुलगी लोली जवळच्या हेरेस गावी, तिच्याकडं मागची लहानशी खोली होती. असली गोष्ट पाल्मा ओरडून कशी सांगणार? तिनं चिठ्ठी पदराआड ठेवावी तशी पर्समध्ये ठेवली आणि गुरुवारच्या फेरीची वाट पाहिली.

गुरुवारी पूर्वेचा वारा होता. तटावर पन्नासेक कॅमेरे होते. पाल्मानं उजवीकडून तोंड त्याच्या कानाशी नेलं.

“घर सोडा म्हणतोय मालक. भांडायचं का लोलीकडं जायचं? मला भांडायचंय, सेर्वांदो. पण तुला जायचं असेल, तर जाऊ.”

विसावं पाऊल पडलं. सेर्वांदोनं मान डोलवली.

“म्हणजे जायचं? खरंच?”

चाळिसावं पाऊल पडलं. त्यानं पुन्हा मान डोलवली आणि तो हसला.

“एवढी वर्षं काढली त्या घरात, आणि हसतोस रे?”

समोर एका बाईनं कॅमेरा वर केला, म्हणून तो आणखी हसला. शुक्रवारी पाल्मानं संमती दिली.

दुसऱ्याच सकाळी सामान न्यायला माणसं आली तेव्हा सेर्वांदो दाढी करत होता.

“कोण चाललंय सोडून?”

“आपण!” ती ओरडली.

“कुणी सांगितलं?”

“तूच! गुरुवारी! तटावर!”

तोंडाला फेस तसाच ठेवून तो तिच्याकडं बघत राहिला. “मला वाटलं, तू नुसतेच ओठ हलवतेयस,” तो म्हणाला.

तो तडक मोन्तिएल साहेबांकडं गेला. साहेबांनी नियमाप्रमाणे चौकशी केली. गुरुवारची दोनशे बारा छायाचित्रं तपासली. सगळ्यांत पती मान डोलवताना किंवा आनंदात आढळला. “संमतीचा इतका भक्कम पुरावा मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही,” ते म्हणाले. मान्यता मात्र काढून घेतली नाही, कारण ती क्रमांकाला असते, पत्त्याला नसते. तेव्हा ते अस्सल स्थानिक जोडपं हल्ली हेरेसहून गाडीनं येतं, पाऊण तासात, आणि उशीर झाल्यास लेखी खुलासा देतं.

खोल्या झकास झाल्यात. तुम्ही नवऱ्याबरोबर उतराल तेव्हा मागून घ्या रस्त्याच्या बाजूची. सात वाजता खिडकीत उभ्या राहा. खालून दोघं जातील, तिचे ओठ हलत, त्याची मान डोलत. मग तुम्ही आत वळून म्हणाल, “अहो, या ना, बघा तरी! या वयातही केवढं बोलतात एकमेकांशी!” पलंगावरून, मोबाईलमधून मान न काढता, आवाज येईल, “हं.”

आणि तुम्ही तो होकार धराल.