खिचडी ओके करणारा माणूस

आमच्या शेजारचे कांबळेकाका लग्नाच्या पंगतीतसुद्धा पहिला घास घेऊन डोळे मिटतात आणि निकाल देतात, "रिजेक्ट." भोसरीच्या कंपनीत सगळी नोकरी माल तपासण्यात, क्वालिटीत गेली. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. माझ्या चहाला तर बिनदिक्कत "रीवर्क" म्हणतात, आणि कप रिकामा करून जातात ते वेगळंच.

त्यांची नात आणि माझी लेक महापालिकेच्या एकाच शाळेत. शिक्षण हक्क कायद्यामुळे शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक घ्यावे लागतात, म्हणून मी, आणि नातीचे पालक म्हणून काका, असे आम्ही दोघंही त्यात. बाकीचे पालक सही ठोकून शिफ्टला पळायचे. काका मात्र दर सोमवारी हजर. मुलांच्या नळाचं पाणी पिणार, मुलींच्या संडासाची कडी लागते का ते मला बघायला पाठवणार, आणि खिचडी वाढण्याआधी पहिला घास त्यांचाच, मग पोरांच्या पंगतीतच जेवण. "सरकारी शाळा म्हणून पोरांना सेकंड क्वालिटी? न्हाई चालायचं. कायद्यात हाय." मुख्याध्यापिका बाई त्यांना पाहिलं की कपाळाला हात लावायच्या. पण खिचडीत डाळ दिसू लागली, हे खरं.

यंदा काकांच्या मुलाची बदली झाली आणि त्याचं सगळं कुटुंब नागपूरला गेलं, काका तेवढे इथंच राहिले. नातही गेली. नव्या समितीच्या सभेत काका स्वतःच उठले. "समिती पालकांची. माझी नात आता शाळेत न्हाई. मी रिजेक्ट."

"बसा हो काका, कोण विचारतंय?" बाई म्हणाल्या.

"कायदा विचारतोय," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

मला तर रागच आला. काकू कधीच गेल्या, घरात एकटा जीव, दोन्ही वेळ मेसचा डबा. चार पोरांत बसून जेवायचं ते फक्त सोमवारी, आणि तेही या बाबानं आपल्या हातानं घालवलं.

पुढच्या सोमवारी बघते तर काका शाळेच्या फाटकाबाहेर उभे.

"भाजीला आलतो," म्हणाले. हातात पिशवी नव्हती.

आत बाई खिचडीच्या पातेल्यापाशी खोळंबल्या होत्या. काका बाहेर आहेत असं मी आत जाऊन सांगितल्यावर ताट वाढून स्वतःच फाटकापाशी आल्या. "समितीत नसाल, काका. पण पाहुण्यानं चव बघू नये असं कायद्यात कुठंय, दाखवा."

काकांनी घास घेतला. डोळे मिटले ते बराच वेळ उघडेनात. मीठ चांगलंच जास्त झालं होतं, मघाशी आत गेले तेव्हा मी खिचडी चाखली होती.

"ओके," काका म्हणाले, आणि ताट घेऊन पोरांच्या पंगतीत जाऊन बसले.