बांगड्याची नवरी

पास्कूला गाऱ्हाणं घातल्याशिवाय स्कूटरसुद्धा सुरू करता येत नाही. आमच्या मालवणाकडे देवाकडे काही मागायचं तर एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पास्कू क्रिस्तांव, पण गाऱ्हाणं घालावं तर त्यानेच. ‘बा देवा म्हाराजा, प्लगातलो कचरो दूर कर रे म्हाराजा’ म्हणून तो किकवर पाय ठेवून थांबतो. आसपासचं कोणी ‘व्हय म्हाराजा’ म्हणेपर्यंत किक मारत नाही. एकदा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तर स्कूटर ढकलत घरी गेला.

तरुणपणी त्याने सिनेमा काढला, तेव्हा शूटिंगलाही तेच. कॅमेरा लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा, नट आम्ही वाडीतली पोरं, आणि सिनेमा ‘बांगडो माझो घोव’. हुंड्याला विटलेली एक मुलगी किनाऱ्यावर चक्क बांगड्याशी लग्न लावते. भटजी, अंतरपाट, वरात, सगळं यथासांग. उन्हात बांगडा टिकेना, म्हणून सारखा नवरदेव बदलावा लागे आणि उतरलेला नवरदेव रात्री कालवणात, आमच्या तिखल्यात जाई. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

गावात सिनेमा दाखवला तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली आणि लोक उठले. देवाधर्माची चेष्टा म्हणून पडदा फाडला, पास्कूची कॉलर धरली. पास्कू म्हणे, “राग इलो तर चलात रे. जांभई येवक नको.” मग नवरी कोणाच्या घरची, ते सांग म्हणून त्याला दरडावलं. मुंडावळ्या आणि पदर यांत तिचा चेहरा कोणी ओळखला नव्हता. पास्कूने मार खाल्ला, नाव सांगितलं नाही.

नवरी मी होतो. त्याच गर्दीत, मागे उभा होतो.

पुढे मी प्राध्यापक झालो, मिशी ठेवली, पोट सुटलं. पास्कूला मात्र दुसरी नवरी मिळाली नाही, ना सिनेमाला ना घराला. त्या सिनेमाच्या कॅसेटी मुंबई-पुण्याच्या होस्टेलांत फिरल्या, आणि आता तो पोरांच्या मोबाइलवर आहे. आमच्या कॉलेजची पोरं त्यातले संवाद तोंडपाठ म्हणतात. त्यांच्याच हट्टाने यंदा पास्कूला बोलावलं आणि ओळख करून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आदल्या दिवशी त्याला फोन केला. किती वर्षांनी केला, ते सांगायची लाज वाटते. माझं नाव तेवढं घेऊ नकोस, म्हटलं.

“सांगूचंय नाय,” तो म्हणाला. “माका खंय ठाऊक आसा तू कोण तो?”

सभागृह त्याने डोक्यावर घेतलं. कोणाला राग आला तर हात वर करा, म्हणजे मी बरं बोलतोय हे मला कळेल, असं त्याने सुरुवातीलाच सांगून ठेवलं. प्राचार्यांनी डोकं खाजवायला हात वर केला, तर पास्कूने त्यांचे जाहीर आभार मानले. शेवटी एका मुलीने विचारलं, “सर, ती हिरॉईन आता कुठे असते?”

मी जमिनीकडे बघितलं.

“तिका बांगड्यान सासराक नेल्यान,” पास्कू म्हणाला. “मगे माहेराक इलीच नाय.”

पोरं लोटपोट हसली. मग एसटी चुकेल म्हणून उठायला लागली, आणि त्या गडबडीत पास्कूने गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, आमचा एक चेडू सासराक गेला. ता जंय आसात थंय सुखी ऱ्हवांदे रे म्हाराजा.”

कोणाचं लक्ष नव्हतं. तो माईक धरून थांबला. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. तो थांबूनच राहिला.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो. आवाज नवरीचाच निघाला, बारीक. दारापर्यंत गेलेली पोरं वळली. ती मगाचची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

पास्कूने मान वर केली नाही. माईकची वायर हाताला गुंडाळत राहिला, संपली तरी गुंडाळत राहिला. मग नाक ओढून म्हणाला, “सदा, मिशी काढ. दुसरो भाग करूचो आसा.”