तीन धारांचं गवत

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी कमलाकांत कचेरीतून घरी आले, तेव्हा गॅलरीतल्या रॉकेलच्या डब्यात नुसती माती होती. कोवळा तुरा धरलेलं गवत मुळासकट गेलं होतं.

ते गवत त्यांच्या बायकोनं, सुमतीनं, कॉटन ग्रीनच्या गोदामांमागून आणलं होतं. रानगवतं ओळखण्याचा तिला नाद होता. फणसवाडीतल्या बायका साड्या बघायला जात, तशी ती ओसाड जागा बघायला जायची. "तुरा आला की याचं नाव सांगते," असं म्हणाली होती. तुऱ्याआधी ती गेली. कमलाकांत पाणी घालत राहिले. तुरा उमलला की जाणकाराला दाखवून नाव विचारायचं, एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं.

शेजारच्या आनंदीबाईंनी शांतपणे कबूल केलं. "काल रात्री पूजेला दुर्वा कमी पडल्या हो, भाऊजी. तुमच्याकडे एवढ्या माजल्या होत्या. गणपतीलाच वाहिल्या, म्हशीला नाही घातल्या."

"वहिनी, त्या दुर्वा नव्हत्या."

"गणपती काही बोलला नाही."

निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं. वाडीतलं सगळं निर्माल्य गुणाजी गडी चौपाटीवर सोडून येई. आजही तो दुपारीच जाऊन आला होता. कमलाकांत तसेच निघाले.

चौपाटीवर संयुक्त महाराष्ट्राची सभा भरली होती. भरतीनं गिरगावभरचं निर्माल्य परत काठाला आणून ठेवलं होतं. कमलाकांत ओल्या वाळूत बसले आणि एकेक काडी बोटांत फिरवू लागले. सुमतीनं एवढंच शिकवलं होतं. गवताच्या काडीला पेरं असतात आणि ती गोल फिरते. लव्हाळ्याला तीन धारा असतात, त्या बोटाला लागतात. डब्यातल्या काडीला धारा होत्या; लव्हाळ्यातली जात कोणती, ते तुऱ्यावरून कळायचं होतं.

सभेचा एक स्वयंसेवक, चिंतामणी, हटकायला आला. "काका, काय हरवलं? अंगठी?"

कमलाकांतांनी खरं ते सांगितलं. तो शेजारी बसून काड्या फिरवू लागला. मागच्या रांगेत भाषण नीट ऐकू येत नव्हतं, तिथले काही जण उठून आले. त्यांना पाहून आणखी आले. भाषण वाऱ्यावर येत होतं, जात होतं. लाटाही तशाच. माणसं डोळे मिटून काड्या फिरवत होती.

"गोल," कुणी म्हणे. "गोल." मग बऱ्याच वेळानं, "ही टोचली."

दिवे लागले तेव्हा तीन धारांच्या काड्यांचा ढीग दुर्वांच्या ढिगाहून मोठा झाला होता.

"म्हणजे सगळं गिरगाव देवाला लव्हाळा वाहतंय?" चिंतामणीनं विचारलं.

जो तो आपल्या घरच्या देव्हाऱ्याचा विचार करत होता.

सुमतीचं गवत त्यातलं कोणतं, हे कमलाकांतांना कळेना. त्यांनी मुळं असलेल्या सगळ्या काड्या उपरण्यात बांधून आणल्या आणि लावल्या. आता गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. आनंदीबाई दुर्वा बाजारातून आणतात आणि वाहण्याआधी प्रत्येक काडी बोटांत फिरवून बघतात. त्यांची पूजा फार लांबते.

काही डब्यांत तुरे आले आहेत. ते घेऊन जाणकाराकडे जायचं आहे. कमलाकांत अजून गेलेले नाहीत.